पीठ, मीठ, पाणी

धाकटीला बावन्न वर्षं झाली होती, चष्म्याच्या दुकानात तिच्या हाताखाली दोन माणसं होती, आणि तरीही घरात तिला धाकटीच म्हणत. थोरली होती म्हणून ही धाकटी, त्याला इलाज नव्हता. थोरली लग्न करून विमानानेच जावं लागेल इतक्या लांब राहायला गेली आणि तिथून फोनवर सल्ले द्यायचं काम तिने मनापासून पत्करलं. आईजवळ राहायचं काम धाकटीकडे आलं. कोणी वाटून दिलं नव्हतं, पण आलं खरं.

आई एकोणऐंशी वर्षांची. थंडी सुरू होताना तिला न्यूमोनिया झाला, अठरा दिवस हॉस्पिटलात काढले, बरी होऊन घरी आली आणि जेवायची थांबली. अगदीच थांबली असं नाही. दोन घास खायची, तिसऱ्याला मान फिरवायची. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. तोंडाला चव नाही म्हणावं, तर चहात साखर कमी पडलेली तिला पहिल्या घोटालाच कळायची. नुसतं ‘नको’ म्हणायची. वजन सदतीस किलोवर आलं तेव्हा डॉक्टरांनी धाकटीला बाहेरच्या खोलीत बोलावून सांगितलं, की पंधरा दिवसांत निदान दोन किलो तरी भरले पाहिजेत, नाही तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल.

डॉक्टर हळू आवाजात बोलले, पण आईचे कान शाबूत होते. ते गेल्यावर तिने धाकटीला पलंगाजवळ बसवलं.

“नळी घालू द्यायची नाही,” ती म्हणाली. “मी ती उपटून टाकीन. मग ते माझे हात बांधतील. शेजारच्या पलंगावरच्या बाईचे बांधले होते, मी पाहिलंय.”

धाकटी म्हणाली, मग खा. आई म्हणाली, खाते की. आणि संध्याकाळी पुन्हा दोनच घास. म्हातारं माणूस हट्टाला पेटलं की भांडता तरी येतं. ही हट्टाने करत नव्हती, म्हणून धाकटीचा जीव जास्त घाबरा झाला. तिने दुकानातून पंधरा दिवसांची रजा टाकली.

खोबरेल तेल घरात आलं ते मात्र खाण्यासाठी नाही, कातडीसाठी आलं. एक दिवसाआड येणाऱ्या नर्सबाईंनी आईच्या पायांवरून बोट फिरवलं तर पांढरा कोंडा उडाला. नडग्यांवर सुकलेल्या चिखलासारख्या भेगा, टाचा फुटलेल्या, आणि पडून पडून पाठ लाल झालेली. नर्सबाई म्हणाल्या, साधं खोबरेल लावा, दिवसातून दोनदा, चोळू नका, नुसता हात फिरवा. जिथे कातडी फुटलीय तिथे लावू नका. आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक दिवस थांबा, लाल झालं तर मला सांगा.

“एकोणऐंशी वर्षं झाली या कातडीला,” आई म्हणाली, “आता तिची परीक्षा घेणार.”

पण परीक्षा घेणं हा धाकटीचा धंदाच होता. अठ्ठावीस वर्षं ती लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून विचारत आली होती, हे स्पष्ट की हे, आता बरं की मघाशी बरं. एका वेळी एकच काच बदलायची, दोन बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही. तेलाचंही तिने तसंच केलं. डाव्या कोपराला थेंब, उजव्याला काही नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही कोपर खिडकीजवळ नेऊन उजेडात पाहिले. मग डाव्या पायाला तेल, उजवा कोरडा, असे दोन दिवस. आई म्हणाली, माझा एक पाय म्हातारा आणि एक तरणा करून ठेवणार आहेस का? तिसऱ्या दिवशी दोन्ही पायांना तेल लागलं.

थंडीत तेल गोठायचं. बाटली गरम पाण्याच्या वाटीत उभी करून ठेवायची, कडेकडेने ते विरघळायचं, मधे पांढरा गड्डा तरंगत राहायचा. पहिल्या दिवशी बाटलीचं झाकण उघडलं आणि धाकटीच्या नाकात तो वास गेला. तो सरळ चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे घेऊन गेला. असा वास घरात इतकी वर्षं नव्हता, हेच तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

आई बुकबाइंडिंगच्या कारखान्यात होती. वडील गेले तेव्हा धाकटी चार वर्षांची होती आणि थोरली सात. त्यानंतर तेहेतीस वर्षं आईने छापलेले कागद घड्या घालून, शिवून, खळ लावून त्यांची पुस्तकं केली. कागद माणसाच्या हाताचं पाणी पितो. दिवसभरात हजार घड्या घातल्या की बोटांना ओल म्हणून राहत नाही, त्यावर खळ वाळते, त्यावर पुन्हा कागद. आईच्या बोटांची टोकं हिवाळ्यात उलायची, त्यातून रक्त यायचं. आणि कारखान्यात तेलाला सक्त मनाई. एकदा एका नकाशांच्या जाड पुस्तकात कोणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट डाग उठला आणि चार पानं खाली झिरपला. मालकाने सगळ्या बायकांना ओळीने उभं करून अंगठे पाहिले. तो अंगठा आईचा निघाला. त्या दिवसापासून तिने तेल लावलं ते घरी आल्यावरच, संध्याकाळी, चप्पल काढल्या काढल्या. सकाळी पुन्हा साबणाने घासून हात कोरडे करून कामावर.

शाळेत असताना धाकटीला त्या हातांची लाज वाटायची. शाळेच्या फाटकाशी आईने हात धरला की तिला ते खरखरीत बोट टोचायचं, ती हात सोडवून पुढे पळायची. मैत्रिणींच्या आयांचे हात कसे मऊ. एकदा तर ती आईला म्हणाली होती, तू फाटकापर्यंत येऊ नकोस, मी जाते. आई त्यानंतर कोपऱ्यावरच थांबायला लागली. आता त्याच आईच्या पायांवरून तेलाचा हात फिरवताना धाकटीला ते सगळं आठवायचं आणि फार वाईट वाटायचं. पण ते आईला सांगायला तोंड नव्हतं. ती आणखी थोडं तेल घेऊन दुसरी टाच धरायची.

कातडीला मात्र तेल मानवलं. चार दिवसांत भेगा मऊ झाल्या, पाठीची लाली उतरली. नर्सबाई खूश. ही बातमी फोनवर थोरलीला कळली आणि थोरलीला स्फुरण चढलं. खोबरेल तेल खाल्लं तर वजन वाढतं, तिने कुठेतरी वाचलं होतं. लापशीत घाल, सूपमध्ये घाल, भातावर सोड, दिवसाला चार चमचे पोटात गेले की झालं, असं तिने तिकडून फर्मान काढलं. धाकटीने नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, औषध वगैरे काही नाही ते, पण तेल आहे, अंगी लागेल, थोडं घालून बघा.

थोडं घालून बघितलं. लापशीत एक चमचा घातला, आईने एक घास घेतला आणि दुसरा घेतलाच नाही. सूपवर तेलाचा तवंग पाहून तिने नाकच मुरडलं. भातात कालवलं तेव्हा म्हणाली, की अंगाला लावायचं ते लाव, पण माझ्या पोटाला मॉलिश कशाला? धाकटी प्रत्येक वेळी दोन वाट्या समोर ठेवायची, एकीत तेल, एकीत नाही, आणि सवयीने विचारायची, ही बरी की ही.

“दोन्ही वाईट,” आई म्हणायची.

सातव्या दिवशी वजन केलं तर ते वाढायचं सोडून तीनशे ग्रॅम उतरलं होतं. धाकटी काट्याकडे बघतच राहिली. ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली. आई उशीला टेकून तिच्याचकडे बघत होती. नळाच्या आवाजाला भुलणारी ती बाई नव्हे.

“पोळी खाईन एखादी,” आई आपणहून म्हणाली. मग जरा थांबून, “पण आपली.”

आपली म्हणजे आईच्या हातची. आणि इथेच घोडं अडलं. आईची पोळी हा त्या घरातला जुना, न मिटलेला तंटा होता. साधी तव्यावरची पोळी, पण तिला एक वेगळीच चव असायची. गोड म्हणावी तर गोड नाही, भाजल्याचा वास म्हणावा तर तोही नाही. दोघी बहिणी त्या पोळ्या नुसत्या, कशाबरोबरही नाही, उभ्या उभ्या खायच्या. पुढे दोघींनी आपापल्या घरी खटपट केली, पीठ बदललं, तवा बदलला, थोरलीने तर आईच्या इथला तवाच पळवून नेला होता. जमलं नाही. विचारलं की आई तेच सांगायची, पीठ, मीठ, पाणी. थोरलीचं तर ठाम मत होतं, की आई काहीतरी हातचं राखून सांगते. म्हणून दर सुट्टीत दोघी तिच्यावर नजर ठेवायच्या, आणि ती खरोखरच पीठ, मीठ आणि पाणीच घालायची. गंमत म्हणजे, कारखान्यातली नोकरी सुटल्यावर तिची स्वतःचीही पोळी बिघडली. थोरली म्हणाली, वय झालं. तेव्हापासून आईही पोळी नुसती खायची म्हणून खायची.

धाकटीने त्या दिवशी तिला सरळच विचारलं. आता लपवू नकोस, म्हणाली, माझ्यासाठी नको, स्वतःसाठी सांग. काय घालायचीस?

“अगं, कितीदा सांगू,” आई थकून म्हणाली. “पीठ, मीठ, पाणी. तुमच्यापासून लपवून मी कोणाला देणार होते?”

ती खरं बोलतेय हे धाकटीला पटलं. तरी तिने हार मानली नाही. आईच्या त्या काळच्या घरात काय काय असायचं ते आठवून आठवून तिने कागदावर लिहिलं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेली. कणीक जाड दळलेली, मग बारीक. पाणी गरम, मग गार. कणीक अर्धा तास झाकून, मग तशीच. खोबरेलही यादीत होतंच. कणकेत दोन चमचे घातलं, पोळी खुसखुशीत झाली आणि आईने एक तुकडा मोडून बशीत परत ठेवला. एक चमचा घातला, तेच. अर्ध्या चमच्याला आई म्हणाली, ही तेलाची पोळी आहे, आपली नाही. धाकटीने कागदावर खोबरेलापुढे फुली मारली. प्रत्येक पोळीआधी ती हात दोनदा साबणाने धुवायची, नखांच्या आतून, मनगटापर्यंत. चष्म्याच्या दुकानातलं माणूस, काचेवर बोटाचा ठसा उमटला की तिला स्वतःचाच अपमान वाटायचा. आणि तेल कुठेही लागता कामा नये, हे तर तिने आईकडूनच उचललं होतं.

बारावा दिवस उजाडला. यादी संपली होती. थोरलीने फोनवर विचारलं, की नळी म्हणजे काय फार दुखतं का? थोरली लांब राहून सल्ले देते म्हणून धाकटी तिच्यावर वैतागायची, पण त्या दिवशी तिला कळलं, की लांबून दुसरं करणार काय, बिचारी.

दुपारी तिने आईला कुशीवर वळवलं, पाठीला तेल लावलं, मग पाय घेतले. खिडकीतून ऊन येत होतं. पाय आता चांगलेच सुधारले होते, नडगीवर हात फिरवला तर कुठे अडकत नव्हता. तळव्यांना तेल लावताना आई डोळे मिटून पडली होती. धाकटीला वाटलं झोपली. ती हळूच उठणार तेवढ्यात आई डोळे न उघडताच म्हणाली, की पोटात काहीतरी हलल्यासारखं होतंय, भूकच असावी.

तीस-पस्तीस दिवसांत आई तो शब्द पहिल्यांदा बोलली होती. धाकटीच्या अंगात वीज शिरली. भूक आली आहे, कधी निघून जाईल नेम नाही, दारात आलेला पाहुणा कोणी विचारेना म्हणून परत फिरतो तशी. काय देऊ, तिने विचारलं. आई म्हणाली, पोळीच दे, कसलीही चालेल. धाकटीने हात आपल्या कमरेला खोचलेल्या टॉवेलला पुसले न पुसले आणि स्वयंपाकघरात धावली. यादी नाही, वाटी नाही, मोजमाप नाही. परातीत मूठ मूठ करून पीठ ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं, नळाखाली परात धरली, आणि कणीक मळायला लागली. कान आईच्या खोलीकडे होते. आई, झोपू नकोस हं, आलेच, असं ती दोनदा ओरडली. पोळी वेडीवाकडी लाटली गेली, एका कडेला जाड. तव्यावर टाकली, फुगली नाही, एका ठिकाणी करपली. दुसऱ्या कोणत्याही दिवशी तिने ती आईपुढे नेली नसती.

आईला तिने उशांना टेकवून बसवलं आणि बशी मांडीवर ठेवली. या वेळी तिने काही विचारलं नाही. आईने एक तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला. मग दुसरा. मग तिसरा, आणि मान फिरवली नाही. चौथ्या घासाला तिचे डोळे उघडे झाले, नीट उघडे, कामावरून येऊन दाराशी दोघींना शोधायची तेव्हा असायचे तसे, असं धाकटीला वाटलं. आईने पोळी नाकाशी नेली. मग बशी बाजूला ठेवून धाकटीचा उजवा हात धरला, उलटा करून पाहिला, आणि तोही नाकाशी नेला.

“हात धुतले नाहीस तू,” ती म्हणाली.

धाकटी चोरी पकडल्यासारखी बघत राहिली. तिने हात सोडवला नाही. बोटांवर तेल दिसत नव्हतं, पण होतं. कातडीत मुरलेलं, पुसून उरलेलं, चमच्याने मोजता येणार नाही इतकं.

“तुला भूक लागली म्हणालीस,” ती म्हणाली. “मला धीर धरवला नाही.”

आईने तिच्या हाताकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग बशी ओढून घेतली आणि पोळीचा करपलेला तुकडाही मोडला.

“तुम्हालाही लागलेली असायची,” आई म्हणाली. “तेल लावून पाच मिनिटं बसावं म्हणायची मी रोज. पण दोघी परातीपाशी येऊन उभ्या. काय करणार, हात पुसायचे आणि बसायचं मळायला.”

धाकटी तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिली, आईने धरलेला हात आईच्याच मांडीवर ठेवून. आईने शेवटचा घास खाल्ला, बोटाने बशीतला चुरा गोळा करून तोही तोंडात टाकला.

“अजून एक कर,” ती म्हणाली. “आणि धुऊ नकोस.”